आगमन वेळेवर

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आदिनाथचं जहाज आज सिंगापूरहून निघालं. सुटण्याची वेळ आपल्याकडची सकाळी सहा दहा. पोरीनं, निकितानं, माझ्या मोबाइलमध्ये नकाशाचं एक ॲप टाकून दिलंय. त्यात जगातली सगळी जहाजं ठिपक्यासारखी दिसतात. आपल्या ठिपक्यावर बोट ठेवलं की वेग, दिशा, पुढचं बंदर, सगळं येतं. पुढचं बंदर पॅरानाग्वा, देश ब्राझील. पोहोचण्याची तारीख २५ मार्च.

जिंतूरच्या स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. गाडी आली, गाडी गेली, एवढंच लिहीत आलो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, हाताला लिहायला काही नव्हतं. म्हणून ही डायरी. पोरगा परत येईपर्यंत लिहीन.

बोरीच्या फाट्यावर वैजीनाथला ठिपका दाखवला. तो माझ्याच डेपोचा जुना ड्रायव्हर. म्हणाला, "दिनकरराव, तुमी तर आता समुद्राचे कंट्रोलर झालात." चार लोक हसले, पण बरं वाटलं. याच पोरानं दोन वर्षं जिंतुरात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात हात काळे केले. तिथंच राहतो म्हणत होता. मीच त्याला ओढून काढलं आणि मुंबईला ट्रेनिंगला घातलं. आज कोण बरोबर होतं?

ताडकळसचा धम्मानंद म्हणून एक पोरगा त्याच्यासोबतच शिकला. दोघांना एकच जहाज मिळालं आणि खोलीही एकच. मी आदिनाथला म्हटलं होतं, खोली बदलून मिळते का बघ. तो म्हणाला, "कशापायी आबा?" मी विषय बदलला. जहाजावर चालतं असं धरून घेतलं.

आदिनाथची माय, कमल, सकाळपासून बोललेली नाही. बायकांना लांबचा पल्ला कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस ठिपका गायब होता. मी घाबरलो होतो, हे इथं लिहायला हरकत नाही. निकिता म्हणाली, भर समुद्रात असंच होतं, किनारा जवळ आला की परत दिसतो.

आज आदिनाथचा आवाज आला, फोन नाही, नुसता रेकॉर्ड करून पाठवलेला. उलट्या थांबत नाहीत म्हणतो. जहाजात आधी कोळसा होता. आता ब्राझीलला सोयाबीन भरायचं, म्हणून पोहोचायच्या आत सगळे खण धुऊन, खरवडून, आरशासारखे करायचे. खण म्हणजे माल भरायच्या कोठ्या. "आबा, आपल्या गावच्या टाकीपेक्षा खोल हाय एकेक. शिडीवर उभं राहून वरून औषध मारायचं. खाली बगितलं की गरगरायलंय." त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. तो लय शिव्या देतो म्हणे.

मी उत्तर पाठवलं की सुरुवातीला सगळ्यांना गरगरतं, खाली बघायचं नाही.

वैजीनाथला सोयाबीनचं सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे आपल्या मालाचा भाव पाडायला तुमचं पोरगं चाललंय." त्याच्या घरात अजून विकायचं पडलंय, म्हणून जळतो.

५ मार्च, बुधवार

वाईट बातमी. आपली नाही, पण वाईट.

सकाळी साडेनऊला जहाजावरच्या फोनवरून आदिनाथचा कॉल आला. तो धम्मानंद परवा खणात पडला. शिडीवरून निसटला, खाली लोखंडावर. अर्धा तास जिवंत होता. आदिनाथनं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"आबा, बेल्टच न्हवते. दोन होते, दोन्हीच्या कड्या तुटलेल्या. सारंग म्हणला, तसंच चढा, टाइम न्हाई. आबा, खरं तर त्या दिवशी माझी—"

मी म्हटलं, आता ते उगाळू नकोस, तू ठीक आहेस ना?

"मी ठीक हाय. धम्याला मटणाच्या फ्रीजरमधे ठेवलंय. आमी सगळे म्हणलो, जवळच्या बंदराला चला, मयताला उतरवू. कॅप्टन म्हणला, चार दिवस वाया जातेत. आबा, मला उतरायचंय. तिथं पोचलो की मला घरी पाठवा म्हणून तुमी कंपनीला सांगा. तुमी सांगितलं तर ऐकतेत ते."

मी सांगितलं की कराराचे नऊ महिने आहेत, महिनाभरात परत आलास तर उद्या कुणी दारात उभं करणार नाही. अपघात रस्त्यावरही होतात, म्हणून कुणी गाड्या बंद करत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मायला द्या."

कमलशी दहा मिनिटं बोलला. काय बोलला, तिनं सांगितलं नाही. पोरगं घाबरलंय, उतरेल भीती. जहाजानं मात्र मार्ग सोडला नाही. एवढं होऊनही वेळ पाळायची, त्याला शिस्त लागते.

७ मार्च, शुक्रवार

मुंबईच्या ऑफिसातून खुद्द मोठ्या साहेबांचा फोन. मला 'दिनकरराव सर' म्हणाले. तुमच्यासारख्या शिस्तीतल्या माणसाचा मुलगा आमच्याकडे आहे, हे आमचं भाग्य, असं म्हणाले. मी उभा राहूनच बोललो.

विषय असा की, अपघाताबद्दल सगळ्या पोरांनी जबानी लिहून द्यायची आहे. बेल्ट दिला होता, धम्मानंदनं घातला नाही, एवढंच लिहायचं आहे. बाकीच्या सगळ्यांनी सही केली, एकट्या आदिनाथची राहिली आहे. "कोवळा आहे, मनावर घेतलंय त्यानं. तुम्ही दोन शब्द सांगा. त्याचं पुढचं प्रमोशन आम्ही बघतो."

मी बघतो म्हणालो.

कमल दारात उभी होती. म्हणाली, "बेल्ट न्हवता ना पण?" मी म्हटलं, तू तिथं होतीस का? ती म्हणाली, "ते साहेब तरी होते का?"

९ मार्च, रविवार

आदिनाथला समजावलं. सही करून तो पोरगा परत येणार नाही आणि न करूनही येणार नाही. मग सही न करण्यात नुकसान कुणाचं? तुझंच.

तो म्हणाला, "आबा, तो मेल्यावर कॅप्टनच्या सामानाच्या खोलीतून नवे बेल्ट काढले. आमच्या अंगावर चढवून फोटो घेतले. मी त्या फोटोत हाय."

झालं ते झालं, म्हणालो.

"त्याच्या मायला काय सांगायचं मग? तिचं पोरगं येडं होतं म्हणून?"

उद्धटपणा त्याला नवीन आहे. असा कधी बोलला नव्हता. दिवसभर मला बरं वाटलं नाही, जेवण गेलं नाही. मी चुकतोय का, असं एकदा मनात आलं. पण चूक कुठं आहे तेच सापडत नाही. मी त्याचं भलंच सांगतोय.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सकाळीच कमल घरात नाही. निकिताला विचारलं तर म्हणाली, "ताडकळसला गेलीय." मला न सांगता, परभणीहून गाडी बदलून.

चारला परत आली. पाय धुतले आणि ओट्यावर बसली. धम्मानंदची माय सरजाबाई एकटी असते. नवरा गेल्यावर ऊसतोडीला जाऊन तिनं पोराला शिकवलं. तिला ऑफिसातून सांगितलंय की, तुमच्या मुलानं सांगूनही बेल्ट घातला नाही.

"मी तिला खरं सांगून आले," कमल म्हणाली.

मी लय चिडलो. आदिनाथची नोकरी आता तुझ्यामुळं जाणार, असं म्हणालो. ती म्हणाली, "नोकरी तुमाला लागलीय का त्याला?" बत्तीस वर्षांच्या संसारात असं तोंड तिनं उघडलं नव्हतं. निकिता तिथंच भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही, पण तीही आईच्या बाजूची आहे, हे मला कळतं.

२४ मार्च, सोमवार

आगमन सकाळी नऊ चाळीस, एक दिवस आधी! ठिपका ब्राझीलच्या किनाऱ्याला चिकटून उभा आहे. चौतीस दिवस! फाट्यावर पेढे वाटले. वैजीनाथनं घेतला आणि हातातच धरून विचारलं, "त्या ताडकळसच्या पोराचं काय झालं हो?" पेपरला काही नव्हतं, तरी ह्यांना कळतं.

जहाज बंदराला लागलेलं नाही, बाहेर नांगर टाकून आहे. पुढं साठ जहाजं रांगेत आहेत, सगळी सोयाबीनसाठी.

आदिनाथनं आवाज पाठवला, पण तो मायच्या नावानं होता. निकितानं लावला, मी बाजूला होतो.

"माय, पोचलो. पहाटं जमिनीचा वास आला. जमीन दिसायच्या आदी वास आला, ओल्या पाल्याचा, चिखलाचा. सगळे पळत कठड्याला आले. मग हिरवे डोंगर दिसले, लय हिरवे. एवढे दिवस नुसतं पाणी बगून डोळे येडे झालते. मी खाली फ्रीजरपाशी गेलो. दारावर हात ठेवून सांगितलं, धम्या, पोचलो रे. तो म्हणायचा, ब्राझीलला उतरलो की पयला बॉल खेळू पोरांसंगं. आता समोर दिसायलंय, पण उतरता येत न्हाई कुणालाच."

कमल पदर तोंडात धरून बसली. असल्या गोष्टी आईला कशाला ऐकवायच्या? चांगलं सांगायला काही नव्हतं का? नवा देश बघितला, आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नाही, त्याचं दोन शब्दांत कौतुक नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. कमलनं गुढी उभारली नाही. "सरजाबाईच्या पोराची माती यायची राहिलीय," म्हणाली. मीच काठी शोधली, मीच उभारली, पण साडी नीट बसली नाही आणि गडू एका बाजूला कलला. शेजारचे बघून गेले.

३ एप्रिल, गुरुवार

जहाज आज धक्क्याला लागलं. संध्याकाळी साडेपाचला साहेबांचा फोन. तिथले पोलीस आणि कामगार खात्याचे लोक चौकशीला जहाजावर येणार आहेत, त्याच्या आत आदिनाथची सही पाहिजे. "नाहीतर नाइलाज आहे सर. त्याचं नाव काळ्या यादीत जाईल, कुठल्याच जहाजावर घेणार नाहीत." मग कॅप्टनच्या खोलीतून आदिनाथला जोडून दिलं. साहेब लाइनवरच होते.

मी म्हटलं, कागद समोर आहे का?

"हाय."

पेन आहे का?

"आबा, मला एकच सांगा. मी घरी येऊ का?"

सही कर, मग नऊ महिन्यांनी ये, वाजत गाजत आणतो.

"आत्ता येऊ का, आबा?"

साहेब ऐकत होते. मी म्हटलं, "सही केली न्हाईस तर ह्या घराची पायरी चढू नकोस."

त्याच्या मागं कसलीशी मोठी मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बरं, आबा."

बरं म्हणाला, म्हणजे ऐकलं त्यानं. साहेबही म्हणाले, "थँक्यू सर." जरा कडक बोललो, पण बापाला बोलावं लागतं. आता कमलला सांगितलं तर तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि बाहेर गेली. भाकरी करपली.

५ एप्रिल, शनिवार

सही केली नाही.

काल तिथल्या सकाळी सात वाजता आदिनाथ एक पिशवी घेऊन शिडीवरून उतरला आणि धक्क्यावरच्या पोलिसांपुढं जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं. तुटलेले बेल्टही पिशवीत घालून नेले होते. आता तो जहाजावर नाही, तिथल्या खलाशांच्या धर्मशाळेत आहे. चौकशी संपेपर्यंत तिथंच राहणार. जहाज धक्क्यावरच अडकवून ठेवलंय.

हे मला साहेबांनी सांगितलं. आज 'सर' नव्हतं. "काय हो दिनकर, हेच संस्कार का?" असं म्हणाले. आवाजावरून माझ्या पोरापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल तो.

निकितालाही कळलं होतं, माझ्या आधी. कमललाही. दोघींशी आदिनाथ उतरल्या उतरल्या बोलला. जमिनीवर पाय ठेवला तर जमीनच हलायली, धक्क्यावरच्या खांबाला धरून उभा राहिलो, असं सांगत होता म्हणे. हे मला निकिताच्या तोंडून कळतंय. मी फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला.

फाट्यावर गेलो नाही. शनिवार, आठवड्यातला माझा एकच उपास, तोही सोडायचं भान राहिलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

मयत आज ताडकळसला आलं. कमल आणि निकिता सकाळच्या गाडीनं गेल्या. मला कुणी चला म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. दुपारी एकटाच कालचं वरण ओतून जेवलो.

जहाज पोलिसांनी सोडलं, दहा तारखेलाच ते सोयाबीन भरून चीनकडं निघालं. मी बघत नाही आता. सवयीनं मोबाइल हातात येतो, पण ॲप उघडत नाही.

२० एप्रिल, रविवार

साहेबांचा परत फोन. आवाज मऊ होता, परत 'सर'. अजून मार्ग आहे म्हणाले. सरजाबाईनं एका कागदावर अंगठा द्यायचा: माझा मुलगा निष्काळजी होता, माझी तक्रार नाही. तेवढं झालं तर आदिनाथचं नाव यादीत जाणार नाही. "तुम्ही त्या भागातले, वडीलधारे. तुमचा शब्द ती बाई मोडणार नाही." कागद मोबाइलवर पाठवला. जिंतूरला जाऊन प्रिंट काढून आणली.

माझ्या पोराचं आयुष्य त्या कागदावर आहे. एवढंच मला दिसतं. बाकी काय योग्य, काय अयोग्य, ते ज्यांची पोरं सुरक्षित आहेत त्यांनी ठरवावं.

कमलला सांगितलेलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ताडकळसला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

वस्ती गावाच्या टोकाला आहे. सरजाबाईचं घर पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पन्नाशीची असेल, पण हात सत्तरीचे. मी नाव सांगितलं तर धावत आत गेली आणि खुर्ची आणली. घरात एकच असावी. पुसून दिली. "आदिनाथचे बाबा! कमलताई आली न्हाई का?"

चहा ठेवला तिनं. मी म्हटलं, राहू द्या, उपास आहे. "चहाला काय उपास," म्हणून तिनं कप आणून माझ्या बाजूला ठेवलाच. पाणीही ठेवलं. मी हात लावला नाही.

भिंतीवर धम्मानंदचा फोटो, जहाजाच्या निळ्या डगल्यातला. बाजूला आदिनाथ, खांद्यावर हात टाकून. तेवढा अर्धा कापून काढता आला असता, पण तिनं काढला नव्हता.

मी कसं सुरू करावं याचा विचार करत होतो, तर तीच बोलायला लागली. "रोज फोन करतो तुमचं पोरगं. माय जेवलीस का, माय औषध घेतलंस का. तुमाला पण करत असंल ना?"

"करतो की," मी म्हणालो.

"लय रडायचा आदी. म्हणायचा, माय, माझी पाळी होती शिडीवर. मला गरगरायलं म्हणून धम्या म्हणला, तू खाली बस, मी चढतो. मी त्याला म्हणलं, बाळा, त्यानं तुला खाली बसवलं ना, मग त्याचं ऐक, नीट राहा."

मला पाच मार्चचा, त्या बुधवारचा फोन आठवला. "आबा, खरं तर त्या दिवशी माझी—" मी पुढचं बोलू दिलं नव्हतं.

ती सांगतच होती आणि मी तिच्याकडं बघत होतो. त्या फ्रीजरमध्ये माझं पोरगं असतं, एवढंच मला समजत होतं. ते माझ्या अंगणात आलं असतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. हात खिशात गेला. कागद हातात आला.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. साडेपाच झाले होते. "बगा, आलाच," म्हणून तिनं चेहऱ्यापुढं धरला आणि हसली. "अरे, बग तरी कोण आलंय." आणि फोन माझ्याकडं फिरवला.

आदिनाथ होता. दाढी वाढलेली, वाळलेला. मागं पांढरी भिंत, खिडकीत मोठ्या पानांचं कसलंसं झाड. त्यानं मला बघितलं. मग माझ्या हाताकडं बघितलं.

मी "आदिनाथ" म्हणालो की नाही, ते आठवत नाही.

"माय," तो म्हणाला, "कसल्याच कागदावर अंगठा देऊ नको."

सरजाबाईनं फोन परत आपल्याकडं वळवला. तिनं कागद तेव्हा बघितला.

"चहा दिला का त्यांना?" फोनमधून आवाज आला.

"दिला की. उपास हाय म्हणले."

मला वाटलं नेट गेलं. मग आदिनाथ एकच शब्द बोलला.

"मंगळवारी?"

फोन बंद झाला. त्यानं ठेवला का गेला, कळलं नाही. सरजाबाईनं कप उचलला, चहा अंगणाच्या कडेला ओतला, कप राखेनं घासला, धुतला आणि आत नेऊन ठेवला. पाण्याचा तांब्याही नेला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आधीसारखाच होता. म्हणाली, "ऊन उतरलंय, निगा आता. कमलताईला विचारलं म्हणून सांगा."

मी कागद काढत होतो की परत ठेवत होतो, हे मी गाडीत बसल्यापासून आठवून बघतोय. ठेवत होतो, असं मला वाटतं. पण ज्या दोघांनी बघितलं त्यांच्यापैकी कुणालाच तसं वाटलं नसणार, आणि मी शपथ घेऊन सांगावं इतकं मलाही वाटत नाही.

घरी आलो तर कमलनं पान वाढलं. कुठं गेला होता, विचारलं नाही. तिला फोन आला असणार.